हाडाचा काळ कसा ठरवितात?

अधूनमधून वर्तमानपत्रात एक बातमी येते. अमुक गावी उत्खननात मानवी सांगाडा सापडला, तो साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. तमुक देशात कवटी मिळाली, ती तीन लाख वर्षांपूर्वीची आहे. बातमी वाचून कोणी तोंडात बोट घालतो, तर कोणी विचारतो, "यांना कोणी सांगितले? हे काय तेव्हा हजर होते?" आम्हाला हा दुसरा प्रश्न अधिक आवडतो. असा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. हाडावर जन्मतारीख कोरलेली नसते आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्या माणसाचे नावही नसते. मग शास्त्रज्ञ हा आकडा आणतात कोठून?

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत नववी-दहावीची मुले बसतात. त्यांनी हाच प्रश्न आम्हाला विचारला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि नोकरी कारकुनाची. आमचा संबंध जमाखर्चाशी, हाडांशी नाही. तरीपण मुलांना "ते तुम्हाला कळायचे नाही" असे सांगणे आमच्या मनाला पटेना. म्हणून पुस्तके मिळवून वाचली, जाणकारांना भेटलो. वाचता वाचता ध्यानात आले की, हा सारा विषय म्हणजे एक हिशेबच आहे. आरंभीची शिल्लक किती, खर्च कोणत्या दराने झाला, आज शिल्लक किती, एवढे ठाऊक असले की किती काळ लोटला ते काढता येते. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या देशात प्राचीनत्वाचे दावे करणाऱ्यांची कमतरता नाही. "आमचे पूर्वज लाख वर्षांपूर्वी असे होते आणि तसे होते" असे कोणीही व्यासपीठावरून सांगतो आणि लोक टाळ्या वाजवितात. दाव्याला पुरावा मागायचा असेल, तर पुरावा कसा असतो हे आपल्याला ठाऊक हवे.

दोन निरनिराळी वये

पहिली गोष्ट अशी की, हाडाची वये दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. माणूस मेला तेव्हा तो किती वर्षांचा होता, हे एक वय. तो मरून किती वर्षे झाली, हे दुसरे.

पहिले वय दातांवरून आणि हाडांच्या घडणीवरून कळते. दुधाचे दात कोणते पडले, कायमचे कोणते आले, यावरून लहान मुलाचे वय बरेच नेमके सांगता येते. तरुणपणी हातापायांच्या लांब हाडांची टोके मधल्या दांड्याशी एकजीव होतात. पुढे दात झिजतात, कमरेच्या हाडांचे पृष्ठभाग बदलतात. हे काम हाडांचा जाणकार नुसत्या पाहणीने व मोजमापाने करतो. परंतु दुसरे वय डोळ्यांना दिसत नाही. काळे पडलेले, ठिसूळ हाड जुने आणि पांढरे, टणक हाड नवे, असे मुळीच नाही. मातीतल्या क्षारांनी शंभर वर्षांचे हाडही जुनाट दिसते आणि बर्फातले हजार वर्षांचे हाड कालपरवाचे वाटते.

१९९१ साली सप्टेंबर महिन्यात आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटलीच्या सरहद्दीवर, बर्फात एक प्रेत सापडले. आधी लोकांना वाटले की, हा कोणी अलीकडचा गिर्यारोहक असेल. तपासणीअंती तो सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा निघाला. डोळ्यांनी केलेला अंदाज असा फसतो.

फायलींचा गठ्ठा

काळ ठरविण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे जमिनीचे थर. कचेरीतल्या कपाटात फायली एकावर एक पडत जातात. सर्वांत खालची फाईल सर्वांत जुनी, वरची नवी. जमिनीचेही तसेच आहे. वस्ती होते, मोडते, तिच्यावर माती साचते, पुन्हा नवी वस्ती होते. खालच्या थरातील वस्तू वरच्या थरातील वस्तूंहून आधीची, असा साधा नियम.

मात्र कपाटातली खालची फाईल कोणी उपसून वर ठेवली, किंवा नवा कागद गठ्ठ्याच्या तळाशी खुपसला, तर सगळा घोळ होतो. मृताला पुरताना नेमके हेच घडते. खड्डा वरच्या थरातून खणतात आणि देह खालच्या, जुन्या थरात जाऊन बसतो. म्हणून उत्खनन करणारे आधी खड्ड्याची कड शोधतात. खड्डा कोणत्या जमिनीवरून खणला, ती जमीन त्या देहाच्या काळाची, असा निर्णय करतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी हे विद्वान या कामात होते. तेथे तांबे व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. ही माणसे आपल्या मृतांना घरातच किंवा अंगणात पुरीत. लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवीत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून, पण घोट्याखालची पावले तोडून पुरीत. असे दोनशेहून अधिक सांगाडे तेथे मिळाले आणि त्यांत लहान मुलांचे पुष्कळ आहेत. वाचताना जीव हळहळतो. औषधपाणी नव्हते, तेव्हा आईबापांनी किती लेकरे आपल्याच घराच्या जमिनीखाली ठेवली असतील!

ही वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ठरली. थरांवरून कोण आधीचा व कोण नंतरचा एवढेच कळले असते. वर्षांचा आकडा मिळाला तो तेथील जळक्या लाकडाच्या कोळशावरून. तो कसा, हे पुढे येईल.

पिल्टडाउनची लबाडी

त्याआधी एका फसवणुकीची कथा सांगणे भाग आहे. १९१२ साली चार्ल्स डॉसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने पिल्टडाउन या ठिकाणी कवटीचे तुकडे व एक जबडा सापडल्याचे जाहीर केले. कवटी माणसासारखी आणि जबडा वानरासारखा! ब्रिटनमधील नामवंत पंडितांनी डोक्यावर घेतले. माणूस आणि वानर यांच्यामधला दुवा सापडला, आणि तोही इंग्लंडच्या भूमीत, म्हणून अभिमानाला भरते आले. अभिमान आला की तपासणी मागे पडते, हे काही आपल्याच देशापुरते खरे नाही.

जवळजवळ चाळीस वर्षे ही कवटी पाठ्यपुस्तकांतून मिरवली. पुढे केनेथ ओकली या शास्त्रज्ञाने एक साधी कसोटी लावली. हाड मातीत पडले की ते जमिनीतल्या पाण्यामधून फ्लोरीन शोषत राहते. एकाच जागी, एकाच काळी पुरलेल्या हाडांत फ्लोरीन सारखेच असायला हवे. १९४९ सालच्या तपासणीत या हाडांत फ्लोरीन अगदीच कमी निघाले, म्हणजे ती सांगितली जातात तितकी जुनी नव्हती. १९५३ साली अधिक बारकाईने तपासले, तेव्हा जबडा व कवटी एकमेकांच्या नाहीतच असे उघड झाले. जबडा ओरांगउटान या वानराचा होता, दात कानशीने घासलेले होते आणि हाडे जुनी दिसावीत म्हणून रंगविलेली होती. १९५९ साली कार्बनच्या पद्धतीने कवटीचे वय सुमारे सहाशे वर्षे आणि जबड्याचे सुमारे पाचशे वर्षे निघाले.

फ्लोरीनची कसोटी वर्षांचा आकडा देत नाही, कारण प्रत्येक गावच्या पाण्यात फ्लोरीन वेगवेगळे असते. परंतु "ही दोन हाडे सोबतची आहेत काय?" या प्रश्नाचे उत्तर ती देते. चाळीस वर्षांचा डोलारा तेवढ्याने कोसळला. विज्ञानातही लबाड माणसे असतात. पण तेथे पुन्हा तपासण्याची वाट बंद केलेली नसते, हा त्यातील मोठा गुण होय.

कार्बनचा जमाखर्च

आता मुख्य पद्धतीकडे वळू. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील विलार्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली ती जगापुढे मांडली आणि १९६० साली लिबी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अवकाशातून पृथ्वीवर सतत किरणांचा मारा होत असतो. त्यामुळे हवेतल्या काही नायट्रोजनचे रूपांतर एका खास कार्बनमध्ये होते. त्याला कार्बन-१४ म्हणतात. तो फारच थोडा असतो, साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. झाडे हवेतून कार्बन घेतात, त्यात हाही जातो. झाडपाला जनावरे खातात, धान्य आणि मांस माणूस खातो. म्हणजे तुमच्या-आमच्या हाडांत या क्षणी कार्बन-१४ आहे.

हा कार्बन टिकाऊ नाही. तो आपोआप मोडतो आणि पुन्हा नायट्रोजन होतो. जिवंतपणी अन्नातून नवी जमा होत असते, म्हणून शिल्लक कायम राहते. माणूस मेला की जमा बंद होते आणि खर्च तेवढा चालू राहतो. हा खर्च ठरलेल्या दराने होतो. ५,७३० वर्षांत निम्मा कार्बन-१४ संपतो. पुढल्या ५,७३० वर्षांत उरलेल्याचा निम्मा, म्हणजे मूळचा पाव उरतो. त्यापुढील तेवढ्याच काळात दोन आणे.

ज्यांनी जमाखर्च शिकला आहे, त्यांच्या हे चटकन लक्षात येईल. यंत्रावर घटत्या शिलकेने घसारा काढतात तसाच हा प्रकार. दरसाल मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या किमतीवर घसारा बसतो. त्यामुळे आकडा लहान लहान होत जातो, पण एकदम शून्य होत नाही. यंत्राची आजची किंमत आणि घसाऱ्याचा दर माहीत असेल, तर यंत्र कधी घेतले ते कारकून सांगू शकतो. प्रयोगशाळा हाडाच्या बाबतीत तेच करते.

मात्र दहा वेळा निम्मे झाले की हजारातला एक भागच उरतो. मोजण्याजोगे काही राहत नाही. म्हणून ही पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालते. कोणी सांगितले की दोन लाख वर्षांच्या हाडाचे वय कार्बनवरून काढले, तर ती बातमी चुकीची समजावी.

लिबी यांनी आधी आपलीच पद्धत पारखून घेतली. इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतील लाकडाचा काळ इतिहासावरून ठाऊक होता. ते लाकूड तपासून उत्तर जुळते की नाही हे त्यांनी पाहिले. वजनकाटा बाजारात आणण्यापूर्वी खऱ्या वजनाने ताडून घ्यावा, तसेच हे.

हाड प्रयोगशाळेत जाते तेव्हा

सगळे हाड उपयोगाचे नसते. हाडात चुन्यासारखा खनिज भाग असतो आणि कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. खनिज भागात मातीतल्या पाण्यातून बाहेरचा कार्बन शिरू शकतो. म्हणून सौम्य आम्लात हाड विरघळवून कोलॅजेन वेगळे काढतात, स्वच्छ करतात आणि त्याचा वायू करून त्यातील कार्बन मोजतात.

पूर्वी कार्बन-१४ चा एकेक अणू मोडण्याची वाट पाहत मोजणी करावी लागे. त्यासाठी शेकडो ग्रॅम हाड जाळावे लागे. १९७७ नंतर त्वरक यंत्राची पद्धत पुढे आली. त्यात अणू मोडण्याची वाट न पाहता ते सरळ मोजले जातात. आता ग्रॅमभर हाड, कधी त्याहूनही कमी, पुरते. एखादा दात किंवा हाडाचे एक टोक देऊन बाकीचा सांगाडा जपता येतो.

आपल्याकडील उष्ण हवेत आणि पावसाळी मातीत कोलॅजेन लवकर कुजते. म्हणून भारतात पुष्कळदा हाडाऐवजी त्याच थरातील कोळसा किंवा जळके धान्य तपासावे लागते. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा चालू झाली व पुढे ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली. इनामगावच्या वस्तीचे आकडे या दोन ठिकाणांहून मिळाले. कोळशाबाबतही एक सावधगिरी आहे. जुन्या, दीडशे वर्षे वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा असेल, तर तो चुलीत जाण्याआधीच दीडशे वर्षांचा असतो! म्हणून एका वर्षात उगवून संपणारे धान्याचे दाणे मिळाले तर अधिक बरे.

हिशेबातील दुरुस्त्या

कोणताही हिशेब पहिल्या बेरजेला पक्का होत नाही. कार्बनच्या हिशेबातही तीन मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या.

पहिली दुरुस्ती झाडांच्या वलयांवरून झाली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. जुन्या झाडांची वलये मोजून, ती आणखी जुन्या लाकडांशी जोडून हजारो वर्षांची अखंड मालिका तयार झाली. प्रत्येक वलयाचे वर्ष ठाऊक, त्यातील कार्बनही मोजलेला. तेव्हा दिसून आले की, हवेतील कार्बन-१४ सर्व काळ सारखा नव्हता. कार्बनच्या हिशेबाने ज्या वस्तू पाच हजार वर्षांच्या निघत, त्या खरे तर साडेपाच हजारांहून जुन्या होत्या. म्हणून आता तक्त्यावरून आकडा दुरुस्त करतात. २०२० साली सुधारलेला हा तक्ता पंचावन्न हजार वर्षांपर्यंत जातो.

दुसरी दुरुस्ती अन्नाची. समुद्राच्या पाण्यातील कार्बन जुना असतो. जो माणूस मासळी फार खातो, त्याचे हाड असते त्याहून जुने दिसते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली एक सांगाडा मिळाला, तो त्याचाच असावा असा तर्क होता. कार्बनचा पहिला आकडा १४८५ च्या आधीचा आला. पण हाडाच्या रासायनिक तपासणीत या माणसाच्या खाण्यात मासळी पुष्कळ होती असे दिसले. तो फरक वजा केल्यावर काळ सुमारे १४५० ते १५४० असा निघाला. मृत्यूचे वर्ष त्यात बसले. पुढे नातलगांच्या वंशजांशी डीएनए जुळला आणि ओळख पटली.

तिसरी गोष्ट भेसळीची. ज्या हाडात कार्बन-१४ मुळीच उरलेला नाही, अशा अतिप्राचीन हाडात आजच्या काळातला अवघा एक टक्का कार्बन मिसळला, तर त्याचे वय सदतीस हजार वर्षे निघते. लाखाचे हजार होतात! सरस, लाख, तेल, कापूस, हाताचा मळ, या सगळ्यांत आजचा कार्बन असतो.

म्हणून प्रयोगशाळा नुसता आकडा देत नाही. "तीन हजार, अधिक-उणे पन्नास" असे लिहून देते. याचा अर्थ खरा आकडा त्या दोन मर्यादांत असण्याची शक्यता तीनांत दोन इतकी आहे. आपली चूक किती असू शकते हे आकड्याबरोबर लिहून देणारा हिशेबनीस आम्हाला तरी फार विश्वासू वाटतो.

रूपकुंडचे सांगाडे

या सर्व पद्धतींचा कस लागला तो आपल्याच देशात, उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात. हिमालयात पाच हजार मीटरहून उंचावर रूपकुंड नावाचे लहानसे तळे आहे. १९४२ साली एका वनाधिकाऱ्याला त्याच्या काठी माणसांची हाडेच हाडे दिसली. शेकडो माणसांचे ते अवशेष होते. मग तर्कांना ऊत आला. युद्धाचे दिवस होते, म्हणून कोणी म्हणाले, जपानी शिपाई असतील. कोणी म्हणाले, तिबेटच्या स्वारीवरून परतणारी फौज असेल. स्थानिक कथा अशी की, कनौजचा राजा जसधवल लवाजम्यासह नंदादेवीच्या यात्रेला निघाला, वाटेत नाचगाणे केले, देवी कोपली आणि सर्व मारले गेले.

२००४ सालच्या तपासणीत इंग्लंडच्या ऑक्सफर्ड येथील प्रयोगशाळेने काही हाडांचा काळ इसवी सन ८५० च्या आसपास सांगितला. काही कवट्यांवर वरून आघात झाल्याच्या खुणा होत्या. त्यावरून प्रचंड गारांच्या वादळात सारे एकदम मेले असावेत, असे मत पुढे आले. गोष्ट पटण्याजोगी होती आणि सर्वत्र तीच सांगितली जाऊ लागली.

२०१९ साली मात्र भारत, अमेरिका व युरोपातील शास्त्रज्ञांनी नवे संशोधन प्रसिद्ध केले. त्यात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचाही सहभाग होता. या वेळी दोन-चार हाडांवर न थांबता अडतीस माणसांचा डीएनए तपासला आणि त्यांतील सदतीस जणांचा काळ एकेकट्याने, स्वतंत्रपणे काढला. निष्कर्ष पाहून सारेच चकित झाले. अडतीसांपैकी तेवीस जण भारतीय उपखंडातील लोकांशी मिळतेजुळते होते. त्यांचा काळ साधारण सातव्या ते दहाव्या शतकातला, आणि तेही सगळे एकाच वेळी मेलेले नव्हते. चौदा जणांचे साम्य भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातील, ग्रीस व क्रीटकडील लोकांशी निघाले. एक जण आग्नेय आशियाकडचा. या पंधरा जणांचा काळ इसवी सन १८०० च्या सुमाराचा!

म्हणजे एकाच तळ्याकाठी, एकमेकांत मिसळलेली हाडे, आणि त्यांच्यात सुमारे हजार वर्षांचे अंतर. अन्नाची तपासणीही वेगळी निघाली. भूमध्याकडील माणसे गहू-तांदळासारखे धान्य खाणारी होती, तर जुन्या गटातील काहींच्या हाडांत बाजरी-नाचणीसारख्या भरड धान्याचा अंश दिसला. भाकरीची खूण हजार वर्षे हाडात राहते, हे वाचून आम्हाला मोठे नवल वाटले.

एका वादळाने सर्वांना मारले ही कथा त्यामुळे मागे पडली. राजाची गोष्ट निदान सगळ्यांना लागू होत नाही हेही ठरले. ग्रीसकडील माणसे तेथे कशासाठी गेली होती, याचे उत्तर अजून मिळालेले नाही, आणि संशोधकांनी ते तसेच मोकळेपणाने लिहिले आहे. थंडीमुळे हाडांतील कोलॅजेन व डीएनए टिकले, म्हणूनच एवढे तरी कळले.

पन्नास हजार वर्षांपलीकडे

त्याहून जुन्या हाडांसाठी कार्बन चालत नाही. तेथे बहुधा हाडाच्या शेजाऱ्याचे वय काढतात. ज्वालामुखीच्या राखेत पोटॅशियम असते. त्याचा एक प्रकार अतिशय मंद गतीने मोडून आर्गॉन वायू होतो. त्याचे निम्मे व्हायला १२५ कोटी वर्षे लागतात. लाव्हा वितळलेला असताना जुना आर्गॉन निघून जातो, म्हणजे खाते शून्यावर येते. तो थंड झाला की नवा आर्गॉन साचू लागतो. हाड राखेच्या दोन थरांमध्ये असेल, तर ते खालच्या थरानंतरचे आणि वरच्या थराआधीचे, हे नक्की.

आफ्रिकेत आजच्या टांझानियातील ओल्डुवाई येथे १९५९ साली मेरी लीकी यांना एक अतिप्राचीन कवटी सापडली. त्यांचे पती लुई लीकी यांचा अंदाज सहा लाख वर्षांचा होता. १९६१ साली राखेच्या तपासणीत साडेसतरा लाख वर्षे निघाली. इथिओपियात १९७४ साली मिळालेल्या 'ल्युसी' या सांगाड्याचा बत्तीस लाख वर्षांचा काळही राखेवरूनच ठरला.

जेथे राख नाही तेथे दुसरी युक्ती. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे १९६१ साली खाणीत काम करताना एक कवटी निघाली. प्रथम तिला चाळीस हजार वर्षांची समजत. नंतरच्या उत्खननात तेथे चुलीच्या आगीत भाजलेली गारगोटीची हत्यारे मिळाली. दगडात सभोवतालच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते. आगीत तापला की साठा रिकामा होतो आणि पुन्हा नव्याने भरू लागतो. प्रयोगशाळेत दगड तापविला की ती ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश किती, यावरून आग विझून किती काळ झाला ते काढतात. २०१७ साली हा आकडा सुमारे तीन लाख पंधरा हजार वर्षे, अधिक-उणे चौतीस हजार, असा जाहीर झाला.

सगळीकडे मतैक्य होतेच असे नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारे मिळाली. राखेचे वय एका मोजणीत सुमारे चौदा लाख वर्षे आले, दुसऱ्या मोजणीत पावणेसात लाखांच्या आसपास. अन्य शास्त्रज्ञ म्हणतात की, तिची घडण इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या राखेशी जुळते. वाद आहे तेथे वाद आहे असेच म्हणावे. त्यातला आपल्या सोयीचा आकडा उचलून मिरवू नये.

हाड काय सांगत नाही

एवढे सगळे झाले तरी हाडाला मर्यादा आहेत. काळ सांगता येतो, दुखणे सांगता येते, अन्न सांगता येते, डीएनए मिळाला तर नाते सांगता येते. पण हाडावर जात लिहिलेली नसते. उच्च आणि नीच असे दोन कार्बन निसर्गात नाहीत. मालक आणि मजूर मेले की दोघांच्याही हाडांतील शिल्लक एकाच दराने कमी होते. एखाद्या जुन्या सांगाड्याकडे बोट दाखवून कोणी आपल्या कुळाचा मोठेपणा सांगू लागला, तर त्याला विचारावे, हे तुम्हाला कोणत्या प्रयोगशाळेने लिहून दिले?

वाचकहो, यापुढे अशी बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. हाडच तपासले की शेजारची वस्तू? पद्धत कोणती वापरली? अधिक-उणे किती आहे? आणि दुसऱ्या कोणी ते पुन्हा तपासले आहे काय?

आणखी एक विनंती. आपल्यातील अनेकजण विहिरी, पाये, रस्ते खणण्याच्या कामावर जातात. जुन्या वस्तू उजेडात आणणारी पहिली कुदळ बहुधा मजुराचीच असते. खणताना जुनी हाडे किंवा मडकी दिसली, तर काम थांबवावे. ती धुऊ नयेत, चिकटवू नयेत, घरी नेऊ नयेत. कोणी शेंदूर-तेल लावायला आले तर त्यांना रोखावे, कारण त्या तेलातल्या कार्बनने हाडाचा खरा काळ कायमचा बिघडू शकतो. पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवावे आणि पुरातत्त्व खात्याचा माणूस येईपर्यंत जागा तशीच राखावी. हाडे अलीकडची असतील तर तो पोलिसांचा तपास आहे. तेथेही कार्बन मदत करतो, कारण १९५०-६०च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि त्यानंतर वाढलेल्या माणसांच्या देहात ती खूण आहे.

आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीने हे सर्व ऐकून विचारले की, हे शिकायचे तर काय करावे लागेल? आम्ही तिला सांगितले, विज्ञान आणि गणित सोडू नकोस. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अहमदाबाद, लखनौ व दिल्ली येथे कार्बन मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिचे वडील गवंडीकाम करतात. त्यांनी पाया खणावा आणि लेकीने त्या पायातील मातीचा काळ सांगावा, असा दिवस आमच्या वस्तीत यावा अशी आमची इच्छा आहे. तोवर हा लेख घरातील मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांनी काही शंका काढल्या तर त्या टाळू नयेत.